मुखत्यारपत्र लिहून दिल्यावर विश्वासघात कसला?

एखाद्या ओपन सोर्स प्रकल्पाने परवाना बदलला की चोवीस तासांत ठरलेलं भांडण उभं राहतं. एक बाजू ‘विश्वासघात’ म्हणून ओरडते, दुसरी विचारते, ‘मग कंपनीने खायचं काय?’ ऑक्टोबर २०१८मध्ये मोंगोडीबी या डेटाबेसच्या वेळी हे झालं, जानेवारी २०२१मध्ये इलॅस्टिकसर्च या शोधयंत्रणेच्या, ऑगस्ट २०२३मध्ये सर्व्हर उभे करणाऱ्या टेराफॉर्मच्या आणि मार्च २०२४मध्ये रेडिस या डेटासाठ्याच्या वेळी. पात्रं बदलली, संवाद तेच राहिले. दोन्ही बाजू नीतीवर बोलतात: कंपनी लबाड की बिचारी, क्लाउडवाले लुटारू की नुसतेच हुशार. या भांडणाने कोणाच्याही सर्व्हरचं काडीइतकं भलं होत नाही. प्रकल्प खरोखर मुक्त आहे की नाही, ते आजच्या परवान्याच्या नावावरून कळत नाही. उद्या मालकाची मती फिरली तर बाकीच्यांना फोर्क, म्हणजे त्याच कोडची वेगळी शाखा, काढून काम पुढे नेता येईल का, यावरून कळतं. आणि याचा निकाल परवाना बदलण्याच्या कितीतरी वर्षं आधी, कोणी न वाचलेल्या एखाद्या करारात लागलेला असतो.

मुळापासून पाहू. तुम्ही पॅच, म्हणजे कोडमधला एखादा बदल, लिहिला की त्याचा कॉपीराइट तुमचा. लिनक्स कर्नल तो तुमच्याकडेच ठेवतो. २००३मध्ये एससीओ या कंपनीने लिनक्सच्या कोडवरून खटला भरल्यानंतर, २००४मध्ये, कर्नलने ‘डीसीओ’ ही पद्धत आणली: प्रत्येक कमिटखाली ‘साइन्ड ऑफ बाय’ची ओळ, म्हणजे हा कोड देण्याचा मला हक्क आहे एवढीच ग्वाही. परिणाम असा की कर्नलचे कॉपीराइटधारक हजारोंनी आहेत, आणि जीपीएल आवृत्ती २ सोडून दुसरा परवाना लावायचा तर त्या सगळ्यांना, किंवा त्यांच्या वारसांना, गाठावं लागेल. खुद्द लिनक्सचा जनक टोरवाल्ड्स याच्या मनात आलं तरी ते शक्य नाही. दुसऱ्या टोकाला ‘सीएलए’, म्हणजे कोड देणाऱ्याने कंपनीला लिहून द्यायचा करार. पहिला पॅच पाठवला की बॉट येतो, सही मागतो, दोन क्लिकांत काम होतं. त्या मजकुरात बहुधा असं लिहिलेलं असतं की कॉपीराइट तुमचाच राहील, मात्र कंपनी तुमचा कोड हव्या त्या अटींवर वितरित करू शकेल. मराठीत याला नेमका शब्द आहे, कुलमुखत्यारपत्र. जमीन तुमच्या नावावर, विकायचा अधिकार त्यांचा. टेराफॉर्मला हातभार लावणाऱ्यांनी हेच लिहून दिलं होतं. मग टेराफॉर्मची मालक कंपनी हॅशिकॉर्पने १० ऑगस्ट २०२३ला एमपीएल हा मुक्त परवाना सोडून ‘बिझनेस सोर्स लायसन्स’, म्हणजे बीएसएल, लावलं तेव्हा तिने नेमकी कोणती शपथ मोडली?

मोंगोडीबीचं उदाहरण आणखी बोलकं आहे, कारण ते नेहमीच्या समजुतीला छेद देतं. पुष्कळांना वाटतं की कडक परवाना असला की प्रकल्प सुरक्षित. मोंगोडीबी तर एजीपीएलखाली होता, त्याहून कडक मान्यताप्राप्त परवाना शोधून सापडणार नाही. तरी एका सकाळी तो कंपनीने स्वतःच लिहिलेल्या ‘एसएसपीएल’ परवान्याखाली गेला. परवाना घेणाऱ्याला बांधतो, देणाऱ्याला बांधत नाही. सगळ्या कोडचे हक्क किंवा मुखत्यारपत्रं एकाच हाती असतील, तर एजीपीएलची कडक अट तुम्हाला, मला आणि स्पर्धकांना लागू, मालक मोकळाच. बीएसडी, एमआयटी, अपाचे या सैल परवान्यांत तर मुखत्यारपत्राचीही गरज नाही, कारण पुढची आवृत्ती बंद करायची मुभा तिथे सगळ्यांनाच आहे. रेडिस बीएसडीखाली होता. कंपनीने ती मुभा वापरली, इतकंच. प्रसिद्ध झालेल्या जुन्या आवृत्त्या मात्र जुन्याच परवान्यावर राहतात, त्या कोणाला परत घेता येत नाहीत. फोर्कचं सगळं घर या एका खांबावर उभं असतं.

आता यावरून ‘सीएलए म्हणजे पाप’ असा निष्कर्ष काढणारेही आहेत, आणि तो घाईचा आहे. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन जीसीसी या कंपायलरसाठी जून २०२१पर्यंत चक्क कॉपीराइट लिहून मागत असे, म्हणजे मुखत्यारपत्राच्याही पुढचं पाऊल. अपाचे फाउंडेशन आजही कमिटरकडून सीएलए घेतं. फरक मुखत्यार कोण आणि त्याचे हात बांधलेले आहेत का, यात आहे. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या करारात उलट वचन असतं की हा कोड मुक्त अटींवरच वितरित होईल. उलट दिशेनेही पाहा: पोस्टग्रेसक्यूएल या डेटाबेसचा परवाना अगदी सैल, कोणीही उचलून बंद उत्पादन करावं असा, आणि तसं अनेकांनी केलंही. तरी मूळ प्रकल्प हलला नाही. कोअर टीममध्ये एकाच कंपनीचे निम्म्याहून अधिक लोक नसावेत हा तिथला दंडक. २०२०मध्ये एंटरप्राइझडीबीने सेकंड क्वाड्रंट विकत घेतली आणि तोल बिघडला, तेव्हा टीममध्ये बाहेरची माणसं वाढवून तो सावरला. त्या सैल परवान्याला तीन दशकं ताठ उभं ठेवलंय ते अशा जागरूकतेने.

विरोधी बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा आयत्या बिळावरच्या नागोबाचा आहे, आणि तो खोटा नाही. एक कंपनी वर्षानुवर्षं डेटाबेस घडवते, बग सोडवते. मोठी क्लाउड कंपनी तोच कोड बटणामागे ठेवून भाडं गोळा करते आणि परत देते ते किरकोळ. हा अन्याय आहे हे मान्य करायला हवं. पण उपाय रोगाला लागला का? एसएसपीएलचं तेरावं कलम म्हणतं की सॉफ्टवेअर सेवा म्हणून पुरवाल तर व्यवस्थापन, देखरेख, बॅकअप, स्टोरेज अशा साऱ्या यंत्रणेचा कोड याच परवान्याखाली उघडा करा. ॲमेझॉनने काय केलं? मोंगोडीबीच्या बाबतीत जानेवारी २०१९मध्ये त्याच एपीआयला उत्तर देणारी डॉक्युमेंटडीबी आणली. इलॅस्टिकसर्चच्या बाबतीत ७.१०.२ या शेवटच्या मुक्त आवृत्तीवरून ओपनसर्च हा फोर्क काढला. ज्याच्याकडे शेकडो इंजिनिअर आहेत त्याला कुंपण अडवत नाही. अडकतो तो दोन-चार माणसांचा होस्टिंगवाला. शिवाय हिशेबाची दुसरी बाजू कोणी मांडत नाही. त्याच मोकळेपणामुळे लिनक्सचे तयार संच बांधणाऱ्या डिस्ट्रिब्यूशननी पॅकेजं बांधली, बाहेरच्यांनी वेगवेगळ्या भाषांत क्लायंट लिहिले, प्रशासकांनी हे सॉफ्टवेअर आपल्या कंपनीत शिरवलं. पहिल्या दिवसापासून बीएसएल असतं तर एवढा पसारा झाला असता का? पहिल्या दिवशीच ‘कोड दिसेल, पण धंदा आमचा’ असं सांगणाऱ्या कंपनीशी कसलंच भांडण नाही. तो साधा, स्वच्छ व्यवहार आहे.

दुसरा मुद्दा व्यवहारी माणसाचा: ‘मी तर कंपनीत आतल्या आत वापरतो, मला काय फरक पडतो?’ आज, या घडीला, बहुतेकांना खरंच पडत नाही. बीएसएलखालचं टेराफॉर्म स्वतःचे सर्व्हर उभे करायला वापरणारा कोणतीही अट मोडत नाही. पण बीएसएल हा एक परवाना नसून साचा आहे. त्यात ‘ॲडिशनल यूज ग्रांट’ नावाची मोकळी जागा असते आणि ती प्रत्येक कंपनी आपल्या शब्दांत भरते. म्हणजे दहा बीएसएल प्रकल्प वापरायचे तर दहा वेगळे मजकूर वकिलाला दाखवायचे. ‘स्पर्धक उत्पादन’ कशाला म्हणायचं हे कंपनीच ठरवणार, आणि तुमची कंपनी उद्या काय विकेल हे आज तुम्हालाही ठाऊक नाही. चार वर्षांनी कोड मुक्त होतो, हे सांत्वनही तपासून पाहा. प्रत्येक आवृत्तीचं घड्याळ वेगळं चालतं. चार वर्षं जुनी आवृत्ती मुक्त होईल, पण तिच्यातली सुरक्षेची भोकं बुजवणारे पॅच नंतरचे, म्हणून अजून बंदच. नेटवर्कला जोडलेल्या सेवेसाठी ही मुक्ती कागदीच ठरते. डिस्ट्रिब्यूशनना तर चार वर्षं थांबताच येत नाही. रेडिसच्या बदलानंतर फेडोरा या डिस्ट्रिब्यूशनने आवृत्ती ४१मध्ये त्याजागी व्हॅलकी हा रेडिसचा फोर्क बसवला.

‘फोर्क मरतात’ हा तिसरा आक्षेप. बहुतेक मरतात, खरं आहे. कोड उचलायला एक क्लिक पुरतो. पुढची दहा वर्षं सुरक्षेच्या सूचनांना उत्तरं देत बसायला माणसं लागतात. पण जगलेले फोर्क पाहा, म्हणजे जगण्याची अट दिसते. टाटू युलोनेनच्या एसएसएचचे परवाने आवळत गेले तेव्हा ओपनबीएसडीच्या मंडळींनी १.२.१२ ही जुनी मुक्त आवृत्ती धरून १९९९मध्ये ओपनएसएसएच उभं केलं. आज कोणत्याही सर्व्हरवर शिरताना आपण त्या फोर्कच्याच दारातून जातो आणि मूळ उत्पादन आठवतही नाही. लिनक्सवर पडद्यावरच्या खिडक्या दाखवणाऱ्या एक्सफ्री८६ने फेब्रुवारी २००४मध्ये ४.४ आवृत्तीला श्रेयोल्लेखाची नवी अट जोडली, डिस्ट्रिब्यूशन एक्स.ऑर्गकडे वळली आणि जुनं घर ओस पडलं. १९९७चा ईजीसीएस हा जीसीसीचा फोर्क तर एप्रिल १९९९मध्ये अधिकृत जीसीसीच झाला. जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडमधून आयओ.जेएस डिसेंबर २०१४मध्ये फुटला आणि वर्ष व्हायच्या आत नोडमध्ये परत मिळाला, तोवर नोडचा कारभार फाउंडेशनकडे गेलेला होता. या सगळ्यांत रिलीज काढणारी किंवा पॅकेज बांधणारी माणसं फोर्कच्या बाजूला गेली. मोंगोडीबीचा नाव घेण्याजोगा फोर्क झाला नाही, कारण इंजिनमध्ये हात घालू शकणारे जवळजवळ सगळे एकाच कंपनीच्या पगारावर होते. कायद्याने परवानगी होती, पण काम करणारे हातच नव्हते. आणि फोर्क जगलाच पाहिजे असंही नाही, तो होऊ शकतो एवढंही पुष्कळदा पुरतं. इलॅस्टिकने ऑगस्ट २०२४मध्ये आणि रेडिसने मे २०२५मध्ये एजीपीएलचा पर्याय परत आणला. कारणं कंपन्या आपापली सांगतील. ओपनसर्च आणि व्हॅलकी समोर उभे नसते तर हे झालं असतं, असं मानायला मोठा भाबडेपणा हवा.

व्हॅलकी म्हणजे बंडखोरांची टोळी आहे, असा रोमँटिक समजही नको. लिनक्स फाउंडेशनच्या छताखाली असलं तरी मागे ॲमेझॉन, गूगल क्लाउड, ओरॅकल उभे आहेत, म्हणजे ज्यांच्यावर राग होता तेच. परस्परांचे स्पर्धक एकत्र बसले की एकाला दार लावून घेता येत नाही, हा फायदा. पण मूळ प्रकल्पाला जी परीक्षा, तीच फोर्कलाही.

परीक्षा फार अवघड नाही. प्रकल्पाच्या कोडच्या भांडारात ‘गिट शॉर्टलॉग’ गेल्या बारा महिन्यांसाठी, ईमेलसकट, चालवा आणि पत्त्यांची डोमेनं मोजा. दहापैकी नऊ कमिट एका डोमेनची असतील तर परवाना काहीही असो, तो एका कंपनीचा प्रकल्प आहे. कमिटपेक्षा मर्जचा आणि रिलीज टॅगवर सही करण्याचा हक्क किती जणांकडे आहे, हे महत्त्वाचं. मग नाव: ट्रेडमार्क, डोमेन, एनपीएम आणि पायपीआय या पॅकेजच्या साठ्यांवरचं नाव कोणाच्या ताब्यात? २०११मध्ये हडसन या बिल्डच्या साधनाच्या लोकांना ओरॅकलकडे नाव सोडून ‘जेनकिन्स’ व्हावं लागलं, २०१०मध्ये ओपनऑफिसच्या लोकांना ‘लिबरऑफिस’. दोघे तगले, पण नव्या नावाची ओळख करून देण्यात शक्ती गेलीच.

नावापेक्षा जास्त चावतात त्या कोडच्या बाहेरच्या गोष्टी. टेराफॉर्मचा कोड फोर्क झाला, पण त्याला वेगवेगळ्या क्लाउडशी जोडणारे प्रोव्हायडर ज्या रजिस्ट्रीतून उतरत होते तिच्या अटी हॅशिकॉर्पने बदलल्या. ओपनटोफू या फोर्कला रजिस्ट्री नव्याने बांधावी लागली. इलॅस्टिकच्या अधिकृत क्लायंट लायब्ररींनी ७.१४पासून समोरचा सर्व्हर ‘आपलाच’ आहे का हे तपासायला सुरुवात केली. सर्व्हर ओपनसर्चचा ठेवून कोणी पायथन लायब्ररी सहज अपडेट केली की जोडणी तुटायची, आणि दोष नेटवर्कमध्ये शोधत बसायची वेळ यायची. चाचण्यांचंही असंच. एसक्यूलाइटचा कोड सार्वजनिक मालमत्ता, त्याहून मोकळं काही नाही. पण त्याचा टीएच३ हा कसून तपासणारा चाचणीसंच बंद आहे आणि प्रकल्प बाहेरचे पॅचही सहसा घेत नाही. फोर्क काढणाऱ्याने बदल केला तर काय मोडलं हे मूळ संघाइतक्या खात्रीने त्याला कसं कळणार?

म्हणून ज्या प्रकल्पावर तुमची सेवा उभी आहे त्याची कवायत एकदा करून पाहावी. ‘गिट क्लोन’ला ‘मिरर’ पर्याय देऊन पूर्ण प्रत घ्या. मोठ्या फायली एलएफएसमध्ये असतील तर त्या वेगळ्या ओढाव्या लागतात, सबमॉड्यूलही वेगळे, आणि इश्यूंमधली चर्चा गिटमध्ये येतच नाही. मग अवलंबून असलेली सगळी पॅकेजं स्थानिक साठ्यात घेऊन, नेटवर्क तोडलेल्या यंत्रावर बिल्ड करा. जिथे अडेल ती तुमची खरी गाठ. बिल्ड गिटमधल्या टॅगवरून करा आणि रिलीजच्या टारबॉलशी, म्हणजे प्रसिद्ध केलेल्या कोडच्या गठ्ठ्याशी, ताडून पाहा. मार्च २०२४मध्ये उघड झालेल्या एक्सझेड या कॉम्प्रेशनच्या साधनातल्या मागच्या दाराचा किल्ली फिरवणारा भाग ५.६.०च्या टारबॉलमध्ये होता, गिटमध्ये नव्हता.

आणि परवाना बदलल्याचं कळलं त्या दिवशी? निषेधाच्या पोस्टआधी कंटेनरच्या फायली उघडा. ‘लेटेस्ट’ टॅग असेल तर पुढच्या पुलला परवाना आणि डेटाचं स्वरूप दोन्ही नकळत बदलतील. तिथे नेमकी आवृत्ती, शक्यतो डायजेस्टसकट, लिहा. कारण परतीचं दार डेटाच्या बाजूने बंद होतं. रेडिस ७.२ची आरडीबी, म्हणजे डेटाची डिस्कवरची, फाइल आवृत्ती ११ची आहे, ती व्हॅलकी वाचतं. ७.४ ती आवृत्ती १२ची लिहितं, व्हॅलकी ७.२ किंवा ८.० तिला नकार देतं. ‘डम्प’ आणि ‘रिस्टोअर’ने एकेक की हलवू म्हणाल तर तेही अडतं, कारण डम्पच्या शेपटीतही तोच आवृत्तीचा आकडा असतो. मग प्रत्येक की तिच्या प्रकाराप्रमाणे वाचून नव्याने लिहिणं उरतं. ७.२वर असतानाच निघालं तर काम सोपं: व्हॅलकीला ‘रेप्लिकाऑफ’ देऊन जुन्या सर्व्हरची प्रतिकृती करा, ‘इन्फो’मध्ये दुवा ‘अप’ दिसला की जुन्याकडचं लेखन थांबवा, दोन्हीकडचे ऑफसेट जुळलेले दिसेपर्यंत थांबा, मग ‘रेप्लिकाऑफ नो वन’ देऊन क्लायंट वळवा. टेराफॉर्मवरही हीच घाई. १.५वर थांबला असाल तर स्टेट फाइलची प्रत काढून ‘टोफू इनिट’ आणि ‘टोफू प्लॅन’ चालवा; प्लॅनमध्ये शून्य बदल दिसले पाहिजेत, एकही दिसला तरी पुढे जाऊ नका. पुढच्या आवृत्तीची नवी वैशिष्ट्यं वापरून मग परत येणाऱ्याला हा रस्ता इतका सरळ मिळत नाही. वाद कोण जिंकतंय हे पाहत सहा महिने बसलेल्यांनी आपला निर्णय नकळत घेऊन टाकलेला असतो.

हार्डवेअरमध्ये हीच गोष्ट उलटी उभी राहते. सर्किट कसं चालतं यावर कॉपीराइट लागत नाही, आराखड्याच्या चित्रावर लागतो. त्यामुळे कायद्याची पकड सैल, आणि सर्न-ओएचएलसारखे परवानेही सॉफ्टवेअरच्या परवान्यांइतके घट्ट पकडू शकत नाहीत. नावाची पकड मात्र तितकीच घट्ट: आर्डुइनोच्या दोन गटांत ट्रेडमार्कवरून जुंपली तेव्हा, २०१५मध्ये, मूळ संस्थापकांपैकी बहुतेकांच्या गटाला अमेरिकेबाहेर ‘जेनुइनो’ या नावाने बोर्ड विकावे लागले. बोर्ड तोच, फायली त्याच.

इथली खरी अडचण फायलींची. ‘ओपन हार्डवेअर’ म्हणून पीडीएफ आराखडा आणि गर्बर फायली टाकणारे पुष्कळ आहेत. गर्बरवरून तोच बोर्ड पुन्हा छापता येतो, बदलता येत नाही. आणि एखादा भाग बाजारातून गेला की बदलावंच लागतं. ईगल या आराखड्याच्या सॉफ्टवेअरच्या मूळ फायली दिल्या असतील तर त्या आत्ताच मुक्त कायकॅडमध्ये आयात करून डिझाइनचे नियम तपासून घ्या, कारण ऑटोडेस्कने ईगलसाठी ७ जून २०२६ ही अखेरची तारीख २०२३मध्येच जाहीर केली होती. सुट्या भागांच्या यादीत नुसतं ‘१० मायक्रोफॅरड’ लिहून भागत नाही. बारीक आकाराचा, ६.३ व्होल्टचा एक्स५आर सिरॅमिक कपॅसिटर ५ व्होल्टवर निम्म्याहून जास्त क्षमता गमावू शकतो. एलएम१११७ रेग्युलेटरला आउटपुटवरच्या कपॅसिटरचा अंतर्गत रोध ०.३ ते २२ ओहम लागतो. टँटलम संपला म्हणून कोणी चांगला समजून सिरॅमिक लावला की आउटपुट डोलायला लागतं आणि दोष फर्मवेअरच्या नावावर जातो. उत्पादकाचा पूर्ण क्रमांक आणि निवडीचं कारण, दोन्ही यादीत असल्याशिवाय ती यादी अर्धीच. मायक्रोकंट्रोलरच्या फ्यूजांचंही, म्हणजे चिपच्या मूळ सेटिंगच्या बिटांचंही, तसंच. एटीमेगा३२८पीचा खालचा फ्यूज एफएफ केला की चिप बाहेरच्या क्रिस्टलची वाट पाहते. तुमच्या बदललेल्या बोर्डवर क्रिस्टल नसेल तर प्रोग्रामरलाही ती उत्तर देणार नाही, एक्सटाल१ पायावर बाहेरून क्लॉक देईपर्यंत. आणि शेवटी यूएसबीचा विक्रेता क्रमांक. तो मूळ कंपनीचा, फोर्कला वापरता येत नाही. पिड.कोड्स मुक्त हार्डवेअर प्रकल्पांना १२०९ या विक्रेता क्रमांकाखाली उत्पादन क्रमांक देतं. तो पहिली तुकडी छापायच्या आधी मागून घ्यावा, कारण नंतर बदलला की जुन्या क्रमांकावर बांधलेले सगळे ड्रायव्हर आणि लिनक्सला उपकरण ओळखायला सांगणारे युडेव्हचे नियम पुन्हा लिहावे लागतात.